जुन्या वाड्याच्या मालकांची साखळी कशी लावावी

आपली विचारणा थोडक्यात अशी आहे. आजोबांनी १९४९ साली पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी दुचौकी वाडा विकत घेतला. त्याचे नोंदलेले खरेदीखत घरात आहे, परंतु त्याआधीचा एकही कागद नाही. वाडा मूळचा कोणा सरदार घराण्याचा आणि दोनशे वर्षांचा आहे, असे घरात पूर्वापार सांगतात. आजोबांच्या आधीचे मालक कोण, किती मागे जाता येईल आणि कोणत्या कचेरीत काय मागावे, हे आपल्याला हवे आहे. मिळकतींचे शोध घेण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, त्या आधारावर सविस्तर लिहितो.

प्रथम हे स्पष्ट करतो की एखाद्या घराचे सगळे मालक क्रमाने लिहून ठेवलेला कागद कोठेही नसतो. नोंदणी कचेरीला दस्ताशी कर्तव्य असते, भूमी अभिलेख खात्याला जागेच्या हद्दीशी आणि धारकाशी, नगरपालिकेला कर कोण भरतो याच्याशी. तिघांच्या वह्यांत तीन वेगळी नावे एकाच वर्षी सापडली, तरी त्यात कोणी खोटे लिहिले असेलच असे नाही. सातबारा तर आपण मागूच नये, कारण तो शेतजमिनीचा उतारा आहे आणि गावठाणातले घर त्यात येत नाही.

१९४९ चे खरेदीखत हाती आहे, ही मोठी सोय आहे. त्यात तीन गोष्टी असतील. लिहून देणाराने ही मिळकत आपल्याकडे कशी आली याचे केलेले कथन ही पहिली, घराचा नंबर व मापे ही दुसरी आणि चतुःसीमा, म्हणजे घराच्या चारही बाजूंना काय आहे याचे वर्णन, ही तिसरी. बहुतेक लोक पहिल्या दोन वाचतात आणि तिसरी सोडून देतात. माझा अनुभव नेमका उलटा आहे. जिथे साखळी तुटली, तिथे ती दहापैकी सात-आठ वेळा चतुःसीमेनेच जोडून दिली आहे.

पहिल्या कथनावर फार विसंबू नका. 'सदर मिळकत आमचे वडिलोपार्जित मालकी वहिवाटीची असून' हे वाक्य दस्तलेखकांच्या हाताला इतके सवयीचे होते की बापाने वीस वर्षांपूर्वी घेतलेल्या घरालाही ते लावले जाई. त्यामागे खरेदी, दत्तक, वाटणी किंवा सावकाराकडून सोडवून घेतलेले घर, यांपैकी काहीही असू शकते. विकणाराचे पूर्ण नाव आणि त्याच्या बापाचे नाव एवढेच या कथनातून खात्रीने घ्यावे, कारण पुढचा शोध त्याच नावांनी करायचा आहे.

तो शोध दुय्यम निबंधक कचेरीत होतो. सध्याचा नोंदणी कायदा १९०८ चा आहे, पण शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मिळकतीचे दस्त नोंदवण्याची सक्ती १८६४ च्या कायद्यापासून चालत आलेली आहे. स्थावराचे दस्त पुस्तक क्रमांक १ मध्ये उतरवले जात. त्याच्या दोन सूची असतात, सूची क्रमांक १ नावांची आणि सूची क्रमांक २ मिळकतींची. पुस्तक १ आणि त्याच्या सूची कोणालाही फी भरून पाहता येतात व त्यांची नक्कल मागता येते. कायद्याच्या ५७ व्या कलमाने तो हक्क दिलेला आहे, त्यामुळे 'तुमचा संबंध काय' या प्रश्नाने मागे फिरू नये. संगणकावरची सोय मुंबईबाहेर साधारण २००२ नंतरच्या दस्तांपुरती आहे. आपले काम त्याच्या खूप आधीचे आहे, तेव्हा आपल्याला बाडेच उलगडावी लागणार.

बाडे पाहताना १९४९ पासून एकेक वर्ष मागे जावे आणि विकणाराचे व त्याच्या बापाचे नाव दोन्ही सूचींत पाहावे. जुन्या नोंदींत आडनाव असेलच असे नाही. कधी 'बिन' किंवा 'वलद' लावून बापाचे नाव येते, कधी आडनावाऐवजी हुद्दा किंवा धंदा येतो, आणि 'कुळकर्णी' हे आडनाव आहे की वतन, हे त्या ओळीवरून कळत नाही. शिवाय तालुक्यांच्या हद्दी बदललेल्या आहेत. त्या काळी आपले गाव ज्या कचेरीच्या हद्दीत होते, तिची पुस्तके आज शेजारच्या तालुक्यात किंवा जिल्हा निबंधकांच्या अभिलेख कक्षात असू शकतात. हे आधी विचारून घेतले नाही, तर दोन दिवस भलतीच बाडे चाळण्यात जातात. माझे गेले आहेत.

एवढे करूनही १८९३ च्या मागे शोध विरळ होत जातो, आणि त्याला कारण आहे. मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा १८८२ चा असला, तरी मुंबई इलाख्याला तो १ जानेवारी १८९३ पासून लागू झाला. तोवर तोंडी व्यवहार करून, पैसे देऊन आणि कब्जा घेऊन घर विकत घेता येत होते, दस्त लिहिलाच पाहिजे असे नव्हते. त्यानंतरही शंभराच्या आतल्या किमतीचे घर नुसत्या कब्जाने देता येई, म्हणून नव्व्याण्णव रुपयांची खते जागोजागी सापडतात. आपल्या वाड्याचा एखादा सोपा किंवा मागची पडवी अशा व्यवहाराने आली असेल, तर तिचा दस्त निबंधकांकडे नसेल. तो नसणे हा मालकीतला दोष मानू नये.

आता ज्या दस्तांनी भल्याभल्यांना चकवले आहे, त्यांच्याविषयी थोडे अधिक लिहितो. १९३० च्या आधीच्या खरेदीखतांपैकी पुष्कळ खते खरी खरेदी नसून कर्जाची तारणे आहेत. सावकार घर आपल्या नावे खरेदीखताने लिहून घेई आणि अमुक वर्षांत पैसे फेडल्यास घर परत लिहून देईन, असा करार वेगळ्या कागदावर करून देई. याला मुदत खरेदी म्हणत. पुढे कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल १९३० पासून परतीची अट त्याच दस्तात असेल तरच तो व्यवहार गहाण मानला जाऊ लागला. त्यामुळे १९१० साली 'अ' ने 'ब' ला विकले आणि १९१६ साली 'ब' ने परत 'अ' च्या मुलाला विकले असे दिसले, तर तेथे घराने दोनदा मालक बदलला असे लिहू नका. बहुधा ते घर त्या सहा वर्षांत हललेलेच नाही, घरमालक तिथेच राहत होता आणि फक्त कर्ज फिटले. ओळखण्याच्या खुणा सांगतो. किंमत त्या मानाने कमी असते, कब्जा विकणाराकडेच 'भाड्याने' राहिलेला असतो आणि त्या भाड्याची रक्कम व्याजाच्या दराशी जुळते. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांत १८७५ च्या दंग्यांनंतर १८७९ चा शेतकरी कर्जनिवारण कायदा आला तो अशाच व्यवहारांमुळे. घर शेतकऱ्याचे असेल, तर दिवाणी न्यायालयाच्या निकालातही त्याचा माग लागतो. न्यायालयाने लिलाव केला असल्यास विक्रीच्या दाखल्याची प्रत निबंधकांकडे येऊन पुस्तक १ मध्येच लागते, म्हणून लिलाव शोधण्यासाठी वेगळीकडे जावे लागत नाही.

बायकांच्या नावाचे दस्त वेगळ्या नजरेने वाचावेत. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याआधी नवऱ्याच्या मिळकतीवर विधवेचा हक्क हयातीपुरता असे. कुटुंबाची गरज असल्याखेरीज तिने केलेली विक्री पुढच्या वारसांना मोडता येई. म्हणून अशा खतात गरजेचे कारण सविस्तर लिहिलेले असते. मुलीचे लग्न, नवऱ्याचे देणे, काशीयात्रा, घराची पडझड, आणि खाली भाऊबंदांची संमती. घराच्या इतिहासाला याहून चांगले साधन मिळणे कठीण, कारण एरवी कोरड्या असलेल्या दस्तात घरातली माणसे इथेच बोलू लागतात. एका खतात 'पश्चिमेकडील भिंत दोन पावसाळ्यांत खचली असून दुरुस्तीस पैका नाही' असे वाचल्याचे आठवते. ती भिंत पुढे विटांची का झाली, याचा उलगडा त्या ओळीने केला होता.

नगर भूमापनाकडे वळू. आपल्या गावचे नगर भूमापन झाले असेल, तर उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांच्याकडे मालमत्ता पत्रक मिळेल. त्यात 'हक्काचा मूळ धारक' असा रकाना असतो आणि तेथेच पहिली मोठी चूक होते. मूळ धारक म्हणजे घर बांधणारा नव्हे, तर भूमापनाच्या चौकशीच्या वेळी ज्याचा हक्क मान्य झाला तो. खाली दिनांक, व्यवहार, खंड क्रमांक, नवीन धारक आणि साक्षांकन अशी फेरफारांची कोष्टके येतात. नावांपुढे 'धा', 'प' किंवा 'भा' असे अक्षर असते, म्हणजे धारक, पट्टेदार किंवा भार. एका गृहस्थांनी 'भा' चा अर्थ भाडेकरू असा लावून पतपेढीला आपल्या पणजोबांचा भाडेकरू ठरवले होते. प्रत्यक्षात ती कर्जाची नोंद होती.

पत्रकाइतकीच, किंबहुना अधिक मोलाची वस्तू म्हणजे चौकशी नोंदवही. भूमापनाच्या वेळी चौकशी अधिकारी घरोघरच्या लोकांचे जबाब घेई, कागद पाही, आणि कोणाचा हक्क कशावरून मान्य केला याची टीप लिही. 'अमुक सालचे खरेदीखत दाखविले', 'वहिवाट तीस वर्षांची, शेजाऱ्यांची हरकत नाही', 'पूर्वेकडील बोळ सामाईक' अशा त्या टिपा असतात. ज्या खताची मूळ प्रत पुढे वाळवीने खाल्ली, त्याचा दिनांक आणि नंबर या वहीत शिल्लक राहिलेला असतो. लोक पत्रकाची नक्कल घेऊन घरी जातात, ही वही मागतच नाहीत. अर्जात 'चौकशी नोंदवहीचा उतारा' असे स्पष्ट लिहावे. भूमापन झाले नसेल, तर ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे कर आकारणीची नोंदवही, एवढाच आधार राहतो. तलाठ्याकडचा आठ-अ तो हा नव्हे. ड्रोनने गावठाणे मोजण्याची २०२० पासूनची स्वामित्व योजना आजचा धारक सांगते, मागचा नाही.

नगरपालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या कराच्या वहीतले नाव मालकीचा पुरावा नव्हे, हे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. पण इतिहासासाठी ती वही चांगली, कारण ती वर्षागणिक असते. मजला चढला की आकारणी वाढते, आणि भोगवटादाराच्या रकान्यात कुळे दिसतात. १९४९ ची आपली विक्री समजून घ्यायला ती कामी येईल. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० ची भाडी प्रमाण धरली आणि कुळे भरलेला वाडा पोसणे मालकाला परवडेनासे झाले. १९४८ मध्ये, गांधीहत्येनंतर, पश्चिम महाराष्ट्रात अनेक ब्राह्मण घरे जाळली गेली आणि कितीतरी कुटुंबे गाव सोडून गेली. १९४८ ते १९५० या काळातले विक्रीचे दस्त पाहताना ही दोन्ही कारणे मनात ठेवावीत. आपल्या वाड्याला त्यांपैकी कोणते लागू आहे, की विकणाराची निव्वळ खासगी अडचण होती, ते मात्र दस्त व कराची वही पाहिल्यावरच म्हणता येईल.

आता चतुःसीमा. प्रत्येक खतात 'पूर्वेस अमक्याचे घर, दक्षिणेस सरकारी रस्ता, पश्चिमेस तमक्याची बखळ, उत्तरेस सामाईक बोळ' अशी चार वाक्ये असतात. ती आपल्या घराविषयी थोडे सांगतात, पण शेजाऱ्याच्या घराविषयी त्याच्या मालकाचे नाव, त्या तारखेला, साक्षीदारांसमक्ष लिहून ठेवतात. तेव्हा आपल्या घराचे खत हरवले, तर चारही शेजाऱ्यांची खते काढावीत. त्यांच्या सीमेत आपल्या घराचा त्या त्या वर्षाचा मालक लिहिलेला असतो. चार घरांची मिळून दहा-बारा खते निघाली, तर शंभर वर्षांत दहा-बारा ठिकाणी आपल्या मालकाचे नाव ठोकलेले मिळते. खोटे लिहिण्यात शेजाऱ्याचा काही लाभ नसतो, म्हणून ही साक्ष विश्वासाची.

एक प्रकरण सांगतो. एका घराची साखळी १९२६ ला येऊन थांबली होती आणि कुटुंबाचे म्हणणे वाडा पेशवाईतला असे होते. पूर्वेकडील शेजाऱ्याचे १९०४ चे खत निघाले. त्यात पश्चिमेची सीमा 'जोशी यांची बखळ' अशी होती. बखळ म्हणजे पडक्या घराची मोकळी जागा. उत्तरेकडच्या घराचे १९१३ चे वाटणीपत्र मिळाले, त्यात दक्षिणेला 'नवीन बांधलेले दुमजली घर' असे शब्द होते. म्हणजे उभा असलेला वाडा १९०४ आणि १९१३ यांच्या दरम्यानचा, आणि कुटुंब सांगत होते तो आधीचा वाडा त्या बखळीत विरून गेलेला. दगडी जोते मात्र जुनेच निघाले. कुटुंबाची आठवण खरी होती, पण ती आजच्या घराची नव्हती. चतुःसीमेत दिशा कधी उलट लिहिल्या जातात, तेव्हा रस्ता आणि बोळ या हलणार नाहीत अशा खुणांशी ताडून पाहावे.

नावांची आणखी एक गंमत आहे. घर विकले गेले तरी जुन्या मालकाचे नाव गावाच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या राहते. पुण्याचा गायकवाड वाडा लोकमान्य टिळकांनी १९०५ मध्ये घेतला, तरी त्याचे ते नाव पुष्कळ दिवस चालले. केसरीवाडा हे नाव रुळले ते नंतर. तेव्हा 'सरदारांचा वाडा' हे नाव टाकून देऊ नका, पण तो मालकीचा पुरावा धरू नका. सरदाराचा कारभारी तिथे राहत असे, एवढ्यावरही असे नाव पडते.

घराणे खरेच सरदारांचे असेल, तर १८५० च्या आधीचा माग पुण्याच्या पेशवे दप्तरात आणि पुराभिलेख संचालनालयाच्या शाखांत लागू शकतो. १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला बळ मिळाले आणि इनामदारांना आपल्या सनदा दाखवाव्या लागल्या. त्या चौकशीचे कागद गावाच्या नावाने शोधावेत. पुण्यासारख्या शहराच्या पेठांच्या खानेसुमारीचे, म्हणजे घरमोजणीचे, कागदही आहेत. हे सगळे मोडीत असते. मोडीत आधी आडवी रेघ ओढून मग अक्षरे लोंबवत लिहीत, शब्द तोडत नसत आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नसत, म्हणून आडनाव वाचताना वाचणाऱ्याला आपल्या अपेक्षेतले नाव आधी सांगू नये. त्याला तेच दिसू लागते.

तारखा मात्र स्वतः उलगडाव्यात. समजा, 'शके १७४६ तारणनाम संवत्सरे, सुहूर सन खमस अशरीन मयातैन व अलफ' असे आहे. शकात ७८ मिळवले की १८२४ येते, चैत्रापूर्वीच्या जानेवारी ते मार्च महिन्यांसाठी ७९ मिळवावे. सुहूर सन अरबी शब्दांत असतो. खमस पाच, अशरीन वीस, मयातैन दोनशे, अलफ हजार, मिळून १२२५. त्यात ५९९ मिळवले की पुन्हा १८२४. हा सन मृगाला, जूनच्या सुरुवातीला बदलतो आणि शक चैत्रात. दोन्ही जुळतात तो काळ जून १८२४ ते मार्च १८२५ एवढाच, म्हणजे दस्त त्या नऊ-दहा महिन्यांतला. संवत्सराचे नाव साठ वर्षांनी फिरून येते, म्हणून त्याने आकड्यातली चूक पकडता येते. शकाचा आकडा आणि तारण जुळले नाहीत, तर कोठेतरी चुकीचे वाचन झाले आहे किंवा कागद मागाहून रचलेला आहे.

मापे पाहताना 'खण' हा शब्द लांबीचा नव्हे, दोन खांबांमधील गाळ्याचा आहे, हे ध्यानात ठेवा. 'पाच खणी दुघई सोपा' असे १८८० च्या खतात आणि 'सात खणी' असे १९२० च्या खतात आले, तर मधल्या काळात दोन खण जोडले गेले किंवा शेजारची पडवी आत घेतली. वाड्यात उभे राहून खांब मोजले की जोड नेमकी कोठे आहे ते लाकडावरून ओळखू येते. कौलांवर उठवलेल्या वर्षाने मात्र फसू नये. मंगळुरी कौलांवरचे १८६५ हे साल बासेल मिशनच्या कारखान्याच्या स्थापनेचे आहे, आपले छप्पर शाकारल्याचे नव्हे.

शेवटी आपल्या १९४९ च्या खताचे शेवटचे पान पुन्हा वाचा. 'या मिळकतीचे पूर्वीचे कागदपत्र आपले हवाली केले आहेत' असे वाक्य तेथे असेल, तर जुनी खते आजोबांकडे आली होती आणि ती देवघराच्या फळीवर, चुलत घराण्यात किंवा कर्ज काढले असल्यास त्या काळच्या बँकेत शोधावीत. तसे वाक्य नसेल, तर विकणाराने वाड्याचा काही भाग स्वतःसाठी राखला होता का ते पाहा. मिळकतीचा भाग आपल्याकडे ठेवणारा विकणारा मूळ कागद स्वतःपाशी ठेवू शकतो, आणि वाडा तुकड्यांनी अनेकांना विकला असल्यास सर्वांत मोठ्या किमतीचा तुकडा घेणाऱ्याकडे ते जातात, अशी हस्तांतरणाच्या कायद्याच्या ५५ व्या कलमात तरतूद आहे. तसे झाले असल्यास आपल्या वाड्याची मागची सगळी खते आजही मागच्या चौकातल्या बिऱ्हाडाच्या एखाद्या रुमालात बांधलेली असतील. कचेरीत जाण्याआधी तिकडे एकदा विचारून यावे.